स्थानिक अन्नाचा आग्रह आला कुठून?

माणूस हजारो वर्षं आसपास पिकेल तेच खात आला. मीठ, मसाले आणि श्रीमंतांची ताटं हे अपवाद. इजिप्तच्या गव्हावर जगणारं प्राचीन रोमही त्यातलंच. पण स्थानिक खाण्याचा आग्रह तेव्हा कुणी धरत नव्हतं, कारण बहुतेकांना दुसरा पर्यायच नव्हता.

पर्याय मिळाला तो एकोणिसाव्या शतकात. फ्रान्समध्ये निकोला आपेरने हवाबंद बाटल्या उकळून अन्न टिकवून दाखवलं, पाठोपाठ रेल्वे आली. १८८२ मध्ये ‘डनेडिन’ हे जहाज सुमारे पाच हजार गोठवलेली मेंढरं घेऊन न्यूझीलंडहून लंडनला पोचलं. तीन महिन्यांहून जास्त प्रवास होऊनही मांस खाण्याजोगं होतं. माल कुठला, हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या लेखी हळूहळू गौण होत गेला.

उत्पादकाच्या लेखी मात्र तो जिवावरचा प्रश्न झाला. अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या किडीने १८६० नंतर फ्रान्सचे द्राक्षमळे खलास केले. वाइन कमी पडली, मागणी तशीच राहिली, आणि भेसळ व नावाची चोरी दोन्ही फोफावली. शँपेन प्रांतातले काही व्यापारी बाहेरून स्वस्त द्राक्षं आणून आपली वाइन बनवू लागले. सरकारने १९०८ मध्ये प्रांताची हद्द ठरवली, पण त्यातून ओब जिल्हा वगळला. १९११ मध्ये भडका उडाला. जानेवारीत हद्दीतल्या मार्न जिल्ह्याच्या शेतकऱ्यांनी व्यापाऱ्यांची तळघरं फोडली. मग ओबचे शेतकरी रस्त्यावर आले. सरकार त्यांच्यापुढे नमतंय असं दिसताच एप्रिलमध्ये मार्नमध्ये पुन्हा जाळपोळ झाली आणि लष्कर बोलवावं लागलं. ओबला पूर्ण मान्यता मिळायला १९२७ उजाडलं. परंपरेचा दाखला म्हणून आज मिरवली जाणारी ही हद्द अशा मारामारीतून ठरली आहे.

याच अनुभवातून फ्रान्सने १९३५ मध्ये मूळस्थानावर आधारलेल्या नावांना संरक्षण देणारी व्यवस्था उभी केली. १९९४ च्या जागतिक व्यापार करारांतून ही कल्पना जगभर गेली. आपण ज्याला जीआय मानांकन म्हणतो ते हेच.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. टोमॅटो, बटाटा, मिरची, मका ही पिकं अमेरिका खंडातून बाहेर पडली ती १४९२ नंतर. त्यांच्याशिवाय ज्यांची कल्पनाही करवत नाही अशा कितीतरी खाद्यपरंपरा त्यामुळे फार तर चारपाचशे वर्षांच्या आहेत. म्हणून ‘अस्सल’पणाच्या दाव्यांकडे मी जरा संशयानेच पाहतो.

दुसरा प्रवाह ग्राहकांकडून आला. १९७० च्या दशकात जपानमध्ये रासायनिक शेतीच्या धास्तीने शहरी कुटुंबांनी थेट शेतकऱ्यांशी करार केले: पीक येईल ते घ्यायचं, नुकसानीचा वाटा उचलायचा. ‘तेइकेई’ म्हणतात ते यालाच. १९८६ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमध्ये काहीशी तशीच सभासद-शेती सुरू झाली. त्याच वर्षी रोममध्ये पियाझ्झा दि स्पान्या या ऐतिहासिक चौकाजवळ मॅकडोनाल्ड्स उघडलं. त्या विरोधातून कार्लो पेत्रिनी यांची ‘स्लो फूड’ चळवळ आकाराला आली. तिचा जाहीरनामा १९८९ मध्ये पॅरिसमध्ये निघाला. चवीचा आनंद आणि लहान उत्पादकाची बाजू एकत्र बांधणं ही या चळवळीची खरी कमाई. चांगलं खाणं म्हणजे पैसेवाल्यांची हौस, ही टीका मात्र तिला चुकली नाही.

नव्वदच्या दशकात ब्रिटनमधून ‘फूड माइल्स’ची भाषा आली: अन्न जितकं लांबून येईल, तितकी पर्यावरणाची हानी जास्त. ऐकायला पटणारी, पण हिशेबात लंगडी. अमेरिकेतल्या वेबर आणि मॅथ्यूज यांच्या २००८ च्या अभ्यासात अन्नाशी निगडित हरितवायूंपैकी सगळ्या वाहतुकीचा वाटा सुमारे ११ टक्केच निघाला. बहुतांश उत्सर्जन शेतात आणि गोठ्यातच होतं. निव्वळ किलोमीटर मोजणारं समर्थन तिथे दुबळं पडलं.

त्यानंतरचे जास्त गंभीर प्रयत्न शाळांच्या जेवणात दिसतात. जपानने २००५ मध्ये अन्नशिक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शालेय आहारासाठीच्या केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम कौटुंबिक शेतकऱ्यांकडून खरेदीसाठी राखून ठेवली, आणि त्यातही स्थानिक शेतकऱ्यांना प्राधान्य दिलं. छोट्या शेतकऱ्याला त्यातून वर्षभराचं गिऱ्हाईक मिळतं, आणि स्थानिक पदार्थ मुलांच्या रोजच्या ताटात येतात, सणासुदीच्या प्रदर्शनापुरते उरत नाहीत.