मेंदूच्या आरोग्यावर काम करायचंय? फॉर्मच्या आधी सह्या गोळा करा

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) विद्यार्थी संशोधन योजनेची तारीख लागली की ज्युनिअर मुलं फॉर्म कसा भरायचा ते विचारायला येतात. फॉर्म अर्ध्या तासात भरून होतो, वेळ जातो तो सह्यांसाठी हेलपाटे मारण्यात. म्हणून आधी सह्यांचंच सांगतो.

ही योजना, शॉर्ट टर्म स्टुडंटशिप म्हणजे आपल्या बोलण्यातली एसटीएस, १९७९ पासून चालू आहे. ती एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि इंटर्नशिपला लागलेल्यांना अर्ज करता येत नाही. काम दोन महिन्यांचं असतं. २०२३ च्या फेरीत विद्यावेतन ५०,००० रुपये होतं, पण ते अहवाल मंजूर झाल्यावरच मिळतं. प्रस्ताव निवडला गेला आणि अहवाल दिलाच नाही, तर पैसेही नाहीत आणि प्रमाणपत्रही नाही.

पहिली सही गाइडची. गाइड आपल्याच कॉलेजातला पूर्णवेळ अध्यापक लागतो आणि एका गाइडकडे एकच विद्यार्थी बसतो. त्यामुळे मेंदू म्हटलं की सगळे न्यूरॉलॉजी नाहीतर मानसोपचार विभागाच्या दारात उभे राहतात आणि निम्मे परत येतात. पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) किंवा फिजिऑलॉजीत विचारा. गावातल्या ज्येष्ठांची स्मरणशक्ती, विद्यार्थ्यांची झोप, फीटबद्दलचे गैरसमज हे विषय तिथे छान होतात, आणि दोन महिन्यांत हातावेगळेही होतात. गाइडनंतर विभागप्रमुख आणि डीन यांच्या सह्याही गाइडची सही असलेल्या साक्षांकन फॉर्मवरच घेऊन, तो स्कॅन करून अपलोड करायचा. प्रस्तावात स्वतःचं, गाइडचं किंवा कॉलेजचं नाव कुठेही येऊ देऊ नका. माझ्या एका मित्राच्या प्रश्नावलीच्या माथ्यावर कॉलेजचं नाव तसंच राहिलं होतं. शेवटच्या रात्री दिसलं म्हणून वाचला.

मग एथिक्स कमिटी. तिचं मंजुरीपत्र हातात आल्याशिवाय एकाही माणसाला प्रश्न विचारायचा नाही, आणि अहवालासोबत तेच पत्र जोडावं लागतं. कमिटीची बैठक रोज भरत नाही, तेव्हा पुढची कधी आहे ते आजच विचारून ठेवा. कमिटीपुढे प्रस्ताव, प्रश्नावली आणि मराठीतलं माहितीपत्रक व संमतीपत्र ठेवावं लागतं.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते या संमतीपत्रावर. लिहिता न येणाऱ्या व्यक्तीचा अंगठा चालतो, पण शेजारी निःपक्ष आणि वाचता येणारा साक्षीदार हवा. आपल्याच टीममधल्या मैत्रिणीची सही तिथे चालत नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला स्वतः निर्णय घेता येत नसेल तर कायदेशीर प्रतिनिधीची संमती लागते. शाळेत काम असेल तर पालकांची संमती आणि मुलाचा होकार दोन्ही घ्या, मुख्याध्यापकांचं पत्र त्याला पर्याय नाही. आणि भाषा! एका आजींना आम्ही पत्रकातलं 'स्मृतिभ्रंश' वाचून दाखवलं तर त्या नुसत्या बघत राहिल्या. 'देवळातनं घरला येताना वाट चुकता का?' असं विचारल्यावर मात्र दहा मिनिटं बोलल्या. लकव्यालाही गावात 'अंगावरनं वारं गेलं' म्हणतात, तेच लिहा.

मेडिकलला नसलेल्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. मानसशास्त्र, समाजकार्य, अगदी कॉमर्सच्या मुलांनाही एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) आहेच. प्रवेश कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे नावनोंदणी फॉर्म भरून मिळतो. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय दत्तक गावातलं सात दिवसांचं शिबिर.  मेंदूच्या आरोग्याचा कार्यक्रम घ्यायचा असेल तर विषय आणि वक्त्याचं नाव लिहून महिनाभर आधी अर्ज द्या. संशोधनच करायचं असेल तर आविष्कार स्पर्धा आहे. शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूर, सांगली, सातारा जिल्ह्यांतल्या कॉलेजांनी विद्यापीठाच्या फेरीत उतरायचं. आरोग्य विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांची फेरी वेगळी असते. बोनाफाइड, ओळखपत्र आणि मार्गदर्शकाची सही तयार ठेवा.

गावात गेल्यावर निदान करायला जाऊ नका. शंका आली तर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात दाखवा म्हणून सांगा, मन खचलेल्याला टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. पक्षाघाताची तीन लक्षणं मात्र पाठ करून घ्या: तोंड वाकडं होणं, हातातला जोर जाणं, बोलणं अडखळणं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून 'सकाळी बघू' म्हणणारं घर गाठणं गरजेचं आहे.

ऊसतोडीच्या दिवसांत दुपारी घराला कुलूप असतं. संध्याकाळी दूध संस्थेत सगळं गाव भेटतं. ग्रामपंचायतीचं परवानगीपत्र खिशात ठेवा आणि संस्थेच्या सचिवांना आदल्या दिवशी भेटून या. दुधाचं माप चालू असताना मधेच भाषण सुरू केलंत, तर लोक रिकामी किटली उचलून चालू लागतात.