म्युझेट ट्यूनिंग (अकॉर्डियन)

म्युझेट ट्यूनिंग म्हणजे अकॉर्डियनच्या उजव्या हाताकडील, एकाच सप्तकातल्या दोन किंवा तीन रीड (हवेने कंपणाऱ्या धातूच्या पत्त्या) मुद्दाम किंचित वेगळ्या सुरात ठेवून आवाजात कंप आणण्याची पद्धत. कळ दाबली की या रीड एकदम वाजतात आणि त्यांच्या कंप्रतांमध्ये जितक्या हर्ट्झचा फरक असेल तितके ठोके (आवाजाचे लहानमोठे होणे) दर सेकंदाला ऐकू येतात. एक रीड 440 हर्ट्झला आणि दुसरी 444 ला असेल, तर सेकंदाला चार ठोके. कारागीर हा फरक बहुधा सेंटमध्ये सांगतात. शेजारच्या दोन स्वरांमधल्या (काळ्या पट्ट्याही धरून) अंतराचे 100 भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सेंट. 440 हर्ट्झपाशी साधारण चार सेंटला एक ठोका पडतो.

पेटीवर वाढलेल्या कानाला ही कल्पना आधी खटकते. हार्मोनिअमची रचनाही मुक्त रीडचीच; पण तिथे एकाच स्वराच्या दोन रीडमध्ये असा हेलकावा ऐकू आला, तर पेटी उतरली असे म्हणून ती दुरुस्तीला जाते. अकॉर्डियनवर मात्र तो हेलकावा पैसे देऊन करून घेतात.

नावाचा उगम पॅरिसमध्ये आहे. ओव्हेर्न्य प्रांतातून राजधानीत आलेल्या लोकांच्या नाचघरांत काब्रेत ही पिशवीची सनई वाजे. म्युझेट हे अशाच वाद्याचे जुने नाव, म्हणून ती नाचघरे बाल-म्युझेट (फ्रेंचमध्ये ‘बाल’ म्हणजे नाच). बास्तीय भागातल्या र्‍यू द लाप या गल्लीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काब्रेतवादक आंत्वान बुस्कातेल आणि अकॉर्डियनवादक शार्ल पेग्युरी एकत्र वाजवू लागले. पुढे काब्रेत मागे पडली आणि अकॉर्डियनने तिची जागा घेतली. एमिल व्हाशे (1883–1969) हा या शैलीचा आद्य वादक मानला जातो. गर्दीच्या, गोंगाटाच्या खोलीत विजेच्या ध्वनिवर्धकाविना सूर पोहोचवायचा, तर रुंद कंप उपयोगी पडतो. एकाच स्वराच्या तीन रीड जरा फटकून लावल्या की आवाज भरलेला आणि धारदार होतो. 1930 नंतर ग्यूस व्हिझर, टोनी म्युरेना यांच्यासारख्या वादकांकडे जॅझ आले, धून अधिक चपळ झाली, आणि त्या वाजवण्याला अरुंद कंप जास्त मानवला. आज ‘स्विंग’ नावाने ओळखले जाणारे अरुंद ट्यूनिंग याच चवीचे आहे.

रुंदीच्या पायऱ्यांना ठरलेले प्रमाण नाही. एका कारखान्याचे ‘इटालियन’ नावाचे ट्यूनिंग दुसऱ्याच्या ‘फ्रेंच’इतके रुंद निघू शकते. ढोबळमानाने मधल्या 440 हर्ट्झच्या स्वरावर शून्य ते दोन सेंट म्हणजे कोरडे, सहा-सात सेंट म्हणजे स्विंग, पंधराच्या आसपास मध्यम, वीस ते पंचवीस म्हणजे जुने फ्रेंच किंवा स्कॉटिश वळण. म्हणून कारागिराकडे जाताना नाव न सांगता सेंट किंवा ठोके सांगावेत. स्कॉटलंडमध्ये अकॉर्डियनवादक जिमी शँड (1908–2000) यांनी तीन रीडांचा रुंद कंप नाचाच्या संगीतात रुजवला. होनर कंपनीने त्यांच्या नावाचे शँड मोरिनो हे वाद्यच काढले. आयर्लंडमध्ये वारा उलट फिरला. तिथे वाजणाऱ्या, पाओलो सोप्रानी या इटालियन कंपनीच्या जुन्या बटणवाद्यांचा रुंद कंप पुढच्या पिढीतल्या अनेक वादकांनी घासून घासून अरुंद करून घेतला, कारण रील या जलद नाचधुनेतली बारीक अलंकारिक जागा रुंद कंपात विरून जाते.

खरा प्रश्न मात्र एका आकड्याचा नाहीच. मधल्या स्वरावर वीस सेंट आवडले म्हणून सगळ्या पट्टीवर वीस सेंट लावले, तर 220 हर्ट्झला अडीच, 440 ला पाच, 880 ला दहा आणि 1760 ला वीस ठोके पडतात. खाली आवाज रेंगाळतो आणि वर तो नुसता किरकिरतो. याउलट सगळीकडे सेकंदाला चारच ठोके ठेवले, तर खालच्या रीडमधले अंतर इतके वाढते की त्या सरळ बेसूर वाटतात, आणि वरचा आवाज सपाट होतो. म्हणून दोन्हींच्या मधली वाट काढतात. वर जाताना ठोके हळूहळू वाढतात, पण सेंट कमी होत जातात. उदाहरणार्थ 220 ला तीन ठोके (सुमारे 23 सेंट), 440 ला चार (सुमारे 16), 880 ला साडेपाच (सुमारे 11). हा उतार किती तीव्र ठेवायचा यातच कारागिराचा कान दिसतो. मधल्या स्वरावर एकच आकडा सांगितलेली दोन वाद्ये इतकी वेगळी वाजतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हा उतारच असतो.

तीन रीडांच्या रचनेत मधली सुरात असते, एक खाली आणि एक वर. दोघींचे अंतर अगदी सारखे असेल, समजा दोन्हीकडे पंधरा सेंट, तर 440 ला दोन्ही जोड्या 3.8 ठोके देतात आणि वरची-खालची जोडी नेमके त्याच्या दुप्पट. हा कंप यंत्रासारखा एकसुरी भासतो. म्हणून पुष्कळ कारागीर वरचे अंतर सोळा आणि खालचे बारा असे काहीसे विषम ठेवतात. तिन्ही वेग वेगळे पडतात आणि आवाजात जिवंतपणा येतो. दोन रीडांच्या वाद्यात अशी सोय नसते. तिथे एक रीड सुरात व दुसरी चढी ठेवतात, त्यामुळे वाद्याचा भासमान सूरच वर सरकतो. वीस सेंटांच्या जोडीचा मध्य दहा सेंटांवर येतो, आणि साथीला बासरी किंवा व्हायोलिन असेल तर तो फरक जाणवतो. तीन रीडांत तो प्रश्न उरत नाही, पण वजन आणि हवेचा खर्च दोन्ही वाढतात.

संगीताची रचनाही मर्यादा घालते. एकेरी धून रुंद कंप सहज पेलते. स्वरसंवाद (कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे अनेक स्वर) वाजवले की प्रत्येक स्वर आपापल्या वेगाने हेलकावतो, शिवाय समान स्वरांतराच्या (शेजारच्या पट्ट्यांमधली सगळी अंतरे सारखी ठेवलेल्या) मांडणीतला मोठा गंधार आधीच षड्जाशी ठोक्यांविना जुळणाऱ्या नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो. त्यात रुंद कंपाची भर पडली की संवाद चिखल होतो. डाव्या हाताच्या बासबरोबर सरळ चाल वाजवणाऱ्याने रुंद ट्यूनिंग घ्यावे, जॅझ वा शास्त्रीय पाश्चात्त्य संगीत वाजवणाऱ्याने घेऊ नये, हे मत पुष्कळ वादकांचे आहे आणि ते बरोबर आहे. अनेक मोठ्या वाद्यांत एकेरी, कोरडा आणि म्युझेट असे वेगळे रजिस्टर (कोणत्या रीड वाजाव्यात ते निवडणाऱ्या कळा) असतात; मध्ये तीन ठिपके असलेली कळ म्युझेटची, पण कळ दाबून फक्त रीडची निवड बदलते, घासून ठरवलेले रीडमधले अंतर बदलता येत नाही.

धातूची मर्यादा वेगळीच. रीडची पोलादी पत्ती टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, आणि प्रत्येक घासणीत धातू जातो. 41 पट्ट्यांच्या वाद्यात एका संचात 82 रीड असतात, कारण भाता दाबताना एक आणि ओढताना दुसरी वाजते. दोघींचे ठोके जुळले नाहीत तर भात्याच्या दिशेबरोबर कंपाचा वेग बदलतो. शिवाय दाब वाढला की रीड, विशेषतः खालच्या, थोड्या उतरतात. म्हणून मेजावर जुळवलेली रीड वाद्यात बसवल्यावर पुन्हा तपासावी लागते. शून्य अंतर ठेवणे याच कारणाने कठीण आहे: दोन रीड एकदा अगदी जुळवल्या, तरी वापरात अंतर पडून मंद, अनियमित हेलकावा ऐकू येऊ लागतो, आणि तो ठरवलेल्या कंपापेक्षा वाईट लागतो.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात गुडी सिरवई, केर्सी लॉर्ड आणि पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांनी अकॉर्डियन घराघरांत पोहोचवले. तिथे वाद्य मोठ्या वाद्यवृंदात आणि मायक्रोफोनसमोर वाजे, म्हणजे नाचघरातली मोठ्या आवाजाची गरज तिथे नव्हती.

जुने वाद्य घेऊन त्याचा कंप बदलायचा असल्यास शहाणा कारागीर लगेच सगळ्या रीडांना हात लावत नाही. आधी वेगवेगळ्या सप्तकांतल्या ‘ए’ स्वराच्या (मधल्या सप्तकात 440 हर्ट्झ) थोड्याच रीड नव्या अंतरावर लावून देतो आणि वादकाला ऐकवतो. त्या पसंत पडल्या की त्यांच्या मधले स्वर उतारानुसार भरून घेतो. ठोके मोजायला आता ट्यूनर यंत्र असते, तरी शेवटचा निर्णय भाता जोरात आणि हळू दोन्ही प्रकारे चालवून कानानेच घेतात.