डीफ्रॅग कोणते घ्यावे? प्रश्नामागची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये घरचा पीसी ‘स्लो’ झाला म्हणून सर्व्हिसिंगला दिला की फॉरमॅट, अँटिव्हायरस आणि डीफ्रॅग ही तीन नावे अजूनही एका दमात घेतली जातात. डीफ्रॅग म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे पुन्हा सलग मांडणे. घरीच काही करू पाहणाऱ्याला नेटवर डझनभर डीफ्रॅग सॉफ्टवेअर सापडतात, काही फुकट, काही वर्षाची वर्गणी मागणारी. त्यांतले कोणते घ्यावे हे आत कोणती डिस्क आहे, फिरणारी हार्ड डिस्क की चिपवर साठवणारी एसएसडी, त्यावर ठरते. आज बहुतेक घरांत वेगळे काहीच घ्यावे लागत नाही. तरीही हा प्रश्न इतका चिवट का राहिला, हे जुन्या डिस्कांच्या आणि जुन्या विंडोजच्या इतिहासात डोकावल्यावर कळते.

दुखण्याचे मूळ फॅट या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याचा हिशेब ठेवण्याच्या पद्धतीत, आहे. मायक्रोसॉफ्टने १९७७ मध्ये फ्लॉपीवर चालणाऱ्या बेसिक या प्रोग्रामिंग भाषेसाठी ती रचली आणि १९८१ मध्ये ती डॉस या विंडोजआधीच्या सिस्टिममध्ये आली. तिच्यात डिस्कचे सारख्या आकाराचे क्लस्टर, म्हणजे कप्पे, पाडलेले असतात आणि एका तक्त्यात प्रत्येक क्लस्टरसमोर ‘यानंतरचा कोणता’ एवढीच नोंद असते. फाइल लिहिताना डॉस मोकळे क्लस्टर सापडतील तसे उचलत जाई, लगतची मोठी जागा हुडकण्याची तसदी घेत नसे. फ्लॉपीवर ते खपून गेले. १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर १० एमबीची हार्ड डिस्क आली. फाइल पुसायची, मधल्या फटीत नवी भरायची, उरलेली पुढच्या फटीत ढकलायची, असे रोज होऊ लागले आणि एकाच फाइलचे तुकडे डिस्कभर पसरू लागले.

तुकडा महाग का पडतो, याचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवा तो भाग वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद लागतात, आणि त्याआधी हेड जागेवर सरकायला साधारण ८ ते ९. म्हणजे प्रत्येक तुकड्यामागे १२-१३ मिलिसेकंद नुसते वाट पाहण्यात जातात. सेकंदाला १०० एमबी वाचणाऱ्या डिस्कवर १०० एमबीची सलग फाइल एका सेकंदात येते. तिचेच हजार तुकडे झाले असतील तर त्या एका सेकंदावर १२-१३ सेकंदांची भर पडते. लॅपटॉपमधल्या ५४०० फेऱ्यांच्या डिस्कवर हे आणखी वाईट, कारण तिथे अर्धी फेरीच ५.६ मिलिसेकंदांची असते.

यावरचे औषध आधी बाहेरच्या कंपन्यांनी काढले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात नॉर्टन युटिलिटीजमधला स्पीड डिस्क, सेंट्रल पॉइंटच्या पीसी टूल्समधला कॉम्प्रेस आणि व्हीऑप्ट ही त्यातली ठळक नावे. सिमँटेकने १९९० मध्ये पीटर नॉर्टनची कंपनी घेतली. मायक्रोसॉफ्टने मार्च १९९३ मध्ये एमएस-डॉस ६ आणले, त्यातला डीफ्रॅग सिमँटेककडूनच परवान्याने घेतलेला होता. रंगीत चौकोन एकेक करून सरकताना दाखवणारा तो पडदा पुढे विंडोज ९५ आणि ९८ मध्येही राहिला. आजही अनेक सॉफ्टवेअर तोच नकाशा दाखवून गिऱ्हाईक धरतात. बघायला तो छानच असतो, पण त्यावरून कामाचा दर्जा ठरत नाही.

विंडोज ९८ च्या डीफ्रॅगमध्ये इंटेलच्या तंत्राने एक नवी गोष्ट आली. कोणता प्रोग्राम सुरू होताना कोणत्या फाइली लागतात याची नोंद ठेवून त्या फाइली शेजारी मांडायच्या. कल्पना चांगली होती, पण चालवताना घरोघरी वैताग असे. डिस्कवर कुणीही काही लिहिले की हा डीफ्रॅग पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. स्क्रीनसेव्हर, अँटिव्हायरस आणि स्वॅप फाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती फाइल) हे नेहमीचे तीन गुन्हेगार. म्हणून सेफ मोडमध्ये, म्हणजे जेमतेम गरजेपुरते विंडोज चालू करून, चालवा, हा सल्ला तेव्हाच रूढ झाला. विंडोज एमईचा डीफ्रॅग बराच वेगवान निघाला, तेव्हा त्याची फाइल उचलून ९८ मध्ये टाकण्याची युक्तीही खूप चालली.

नाशिकमध्ये पीसी घराघरांत शिरले ते याच सुमारास. संगणक साक्षरतेचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम चालवणाऱ्या एमकेसीएलची स्थापना २००१ मधली. त्यानंतर एमएस-सीआयटीचे वर्ग गल्लोगल्ली निघाले, आणि सीआरटी मॉनिटर, ४० जीबीची डिस्क, १२८ किंवा २५६ एमबी रॅम असे असेंबल केलेले यंत्र बऱ्याच घरांत आले. त्याच दशकात महाराष्ट्राने भारनियमनाचे दिवस पाहिले. ४० जीबीच्या भरलेल्या डिस्कचा डीफ्रॅग काही तास चाले आणि घरचा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम दहा-पंधरा मिनिटे तग धरे. त्यामुळे डीफ्रॅग कधी लावायचा हे सॉफ्टवेअरपेक्षा वर्तमानपत्रात छापलेले भारनियमनाचे वेळापत्रकच ठरवत असे. फॅट-३२ वर मध्येच वीज गेली तर तक्ता अर्धवट राहण्याची भीती खरी होती. पुढच्या वेळी स्कॅनडिस्क किंवा चेकडिस्क ही विंडोजची डिस्क तपासणारी साधने चालत, ते साधन हरवलेले क्लस्टर गोळा करून सीएचके शेपटीच्या फाइली बनवे, आणि त्यांत कुणाच्या पत्राचा की फोटोचा तुकडा आहे हे ओळखणे जवळपास अशक्य असे. ‘डीफ्रॅग केला आणि डेटा गेला’ ही समजूत त्या काळातली आहे, आणि तेव्हा ती अगदीच खोटी नव्हती.

आज सॉफ्टवेअर निवडताना ज्याने सर्वांत जास्त फरक पडतो तो बदल मात्र घरच्या संगणकात झाला नाही, तो कचेऱ्यांसाठीच्या विंडोज एनटीमध्ये झाला. १९९३ मध्ये एनटीबरोबर एनटीएफएस ही नवी फाइल सिस्टिम आली. तिच्यात तुकडे फारसे पडणार नाहीत असा तेव्हाचा भरवसा होता, म्हणून एनटीत डीफ्रॅगच दिला नव्हता. तुकडे अर्थातच पडले. १९८० च्या दशकात व्हॅक्स या मोठ्या संगणकांच्या व्हीएमएस सिस्टिमसाठी डिस्ककीपर हा डीफ्रॅग काढणाऱ्या एक्झिक्युटिव्ह सॉफ्टवेअरने १९९५ मध्ये त्याची एनटी आवृत्ती आणली, पण त्यासाठी एनटीच्या गाभ्यातलेच भाग बदलावे लागले. पुढच्या वर्षी एनटी ४ मध्ये मायक्रोसॉफ्टने फाइलचा तुकडा एका जागेवरून दुसरीकडे हलवण्याची सोय सिस्टिममध्येच दिली. विंडोजच्या अंतरंगाचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी तिचे कागदोपत्री नसलेले तपशील उलगडून मांडले आणि नंतर अनेकांनी तिच्यावर साधने बांधली.

तेव्हापासून विंडोज चालू असताना काम करणारे जवळजवळ प्रत्येक डीफ्रॅग सॉफ्टवेअर, फुकट असो की महागडे, फाइल स्वतः हलवत नाही. ते विंडोजला ‘हा तुकडा तिकडे ने’ एवढेच सांगते. एनटीएफएस आधी डेटा नव्या जागी लिहिते, मग आपल्या जर्नलमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, नोंद करून पत्ता बदलते. मध्येच वीज गेली तरी फाइल जुन्या पत्त्यावर सापडते किंवा नव्या. त्यामुळे ‘आमचे सॉफ्टवेअर अधिक सुरक्षित’ या जाहिरातीत फारसा दम नाही. फरक उरतो तो कोणती फाइल कुठे मांडायची या धोरणात, वेळापत्रकात आणि दिसण्यात.

विंडोज २००० आणि एक्सपी यांत डिस्ककीपरचीच कापलेली आवृत्ती मिळाली. एका वेळी एकच ड्राइव्ह, पडद्यावर वेळापत्रक लावायची सोय नाही, आणि नीट चालण्यासाठी १५ टक्के जागा मोकळी हवी. ४० जीबीच्या डिस्कवर ती ६ जीबी होते. पेजफाइल (आधीच्या स्वॅप फाइलचेच नवे नाव) आणि विंडोजच्या सेटिंग ठेवणाऱ्या रजिस्ट्रीच्या फाइली चालू विंडोजमध्ये हलत नसत. त्यांच्यासाठी रुसिनोविच यांच्याच सिसइंटर्नल्सचे पेजडीफ्रॅग संगणक सुरू (बूट) होतानाच काम उरके. दुसरा उपाय म्हणजे पेजफाइलचा आकार कायमचा ठरवून देणे. २५६ एमबी रॅमवर विंडोज ती स्वतःहून ३८४ ते ७६८ एमबी ठेवे, आणि वाढवताना तिचेही तुकडे पडत.

एक्सपीची ही अपुरी सोय हेच बाहेरच्या डीफ्रॅग सॉफ्टवेअरच्या भरभराटीचे कारण. जर्मनीचे ओ अँड ओ, रॅक्स्कोचे परफेक्टडिस्क आणि पूर्ण डिस्ककीपर हे पैसे घेणारे. जेकेडीफ्रॅग, ऑसलॉजिक्स, डीफ्रॅग्लर, अल्ट्राडीफ्रॅग हे फुकटचे. गरजही खरी होती. बीएसएनएलच्या ब्रॉडबँडवर रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत असणाऱ्या योजनेमुळे घराघरांत रात्रभर टॉरेंट चालत. टॉरेंट फाइल मिळेल त्या क्रमाने तुकड्यांत उतरवते, त्यात डिस्क काठोकाठ भरलेली; एका फाइलचे हजारो तुकडे सहज होत. त्यावर सर्वांत चांगला इलाज डीफ्रॅगपेक्षा टॉरेंट प्रोग्राममधली फाइलची जागा आधीच राखून ठेवण्याची खूण हा होता, पण ती फार थोडे लोक लावत.

एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टने डीफ्रॅग नव्याने लिहिला. तो दर बुधवारी रात्री एक वाजता आपोआप चालणार, रंगीत नकाशा नाही, आणि ६४ एमबीपेक्षा मोठ्या तुकड्यांना तो तुकडा मानणार नाही. नकाशा गेल्याने लोक चिडले. ६४ एमबीचे गणित मात्र बरोबर होते. तेवढे वाचायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो, त्यापुढे १३ मिलिसेकंदांची वाट नगण्य ठरते. आजही बाहेरचे सॉफ्टवेअर ‘३० टक्के फ्रॅगमेंटेड’ म्हणते आणि विंडोज त्याच डिस्कला शून्याच्या जवळ दाखवते. दोघे खोटे बोलत नाहीत, मोजमाप वेगळे आहे. मोठा आकडा दाखवून पैसे मागणाऱ्या सॉफ्टवेअरकडे मात्र संशयानेच पाहावे.

मग एसएसडी आली. तिच्यात फिरणारे काही नाही, कुठलाही पत्ता मिलिसेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्श्यात मिळतो. शिवाय विंडोजला दिसणारा पत्ता आणि चिपमधली खरी जागा यांचा मेळ एसएसडीचा कंट्रोलर स्वतः ठेवतो, म्हणून विंडोजच्या बाजूने सलग मांडलेली फाइल आत सलग असेलच असे नाही. डीफ्रॅगने होते ते विनाकारण लिखाण, आणि लिखाणाला मर्यादा आहे. २४०-२५० जीबीच्या घरगुती एसएसडीची हमी साधारण ८० ते १५० टेराबाइट लिखाणाची असते. विंडोज ७ ने २००९ मध्ये एसएसडीवरचा नियमित डीफ्रॅग बंद केला. विंडोज ८ ने साधनाचे नावच ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ केले आणि त्यातून एसएसडीला मुख्यतः ट्रिम, म्हणजे पुसलेल्या जागांची यादी, पाठवायला सुरुवात केली. सिस्टिम रिस्टोअर (विंडोज जुन्या स्थितीत परत नेण्याची सोय) चालू असेल तर विंडोज महिन्यातून एखादेवेळी एसएसडीवरही थोडा डीफ्रॅग करते. ते मुद्दाम ठेवलेले आहे, बंद करायच्या फंदात पडू नये. २०२० मध्ये विंडोज १० च्या एका आवृत्तीत शेवटची वेळच लक्षात न राहिल्याने एसएसडीवर वारंवार काम होत होते, तो दोष त्याच वर्षी दुरुस्त झाला.

आता घरच्या संगणकाकडे. स्टार्ट मेनूत ‘डीफ्रॅग’ टाइप केले की ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज उघडते. ‘मीडिया टाइप’ या रकान्यात सॉलिड स्टेट ड्राइव्ह असेल तर निवडीचा प्रश्नच संपला. कोणतेही सॉफ्टवेअर घेऊ नये. हार्ड डिस्क असेल तर हे काम शेवटचे कधी झाले तो रकाना पाहावा. आपल्याकडे रात्री बोर्डावरचे बटण बंद करूनच झोपायची सवय असते, त्यामुळे पहाटेची आपोआप देखभाल चुकते आणि महिनोन्‌महिने ‘नीड्स ऑप्टिमायझेशन’ दिसत राहते. एखाद्या रविवारी संगणक चालू ठेवून हाताने ‘ऑप्टिमाइझ’ दाबले की काम होते. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवावा.

त्याआधी डिस्कची तब्येत तपासावी, ही पायरी बहुतेक जण गाळतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखे फुकटचे साधन स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती, नोंद दाखवते. ‘रीअ‍ॅलोकेटेड’ किंवा ‘करंट पेंडिंग’, म्हणजे बिघडलेल्या किंवा संशयित, सेक्टरचा आकडा शून्याच्या वर असेल तर आधी डेटाची प्रत दुसरीकडे काढावी. मरणाऱ्या डिस्कवर डीफ्रॅग म्हणजे सगळी डिस्क कित्येक तास वाचायला आणि लिहायला लावणे. ‘डीफ्रॅगने डिस्क गेली’ अशा बऱ्याच तक्रारींत डिस्क आधीच गेलेली असते. बाहेरून जोडायच्या मोठ्या यूएसबी डिस्क अनेकदा एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यांत ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असल्याने थोडेसे बदलायलाही मोठा पट्टा पुन्हा लिहावा लागतो, आणि डीफ्रॅग दिवसभर रेंगाळतो. तिथे फाइली दुसरीकडे कॉपी करून, फॉरमॅट करून परत भरणे जलद पडते.

बाहेरचे सॉफ्टवेअर घ्यायचेच झाले तर ते अजून सांभाळले जाते का हे पाहावे. जेकेडीफ्रॅगचा पुढचा अवतार मायडीफ्रॅग कधीच थांबला, डीफ्रॅग्लर २०१८ च्या २.२२ पाशी बराच काळ अडकला. उतरवायचे ते मूळ कंपनीच्या साइटवरूनच, आणि बरोबर येणारे रजिस्ट्री क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर यांच्या खुणा काढून. ही साधने अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालतात हे विसरू नये.

त्यांचा खरा उपयोग आता एका किरकोळ कामात उरला आहे, पार्टिशन (सी, डी असा डिस्कचा पाडलेला भाग) लहान करताना. विंडोजमधले डिस्क मॅनेजमेंट ‘श्रिंक’साठी, म्हणजे भाग आक्रसण्यासाठी, मोकळ्या जागेपेक्षा फारच कमी आकडा दाखवते, कारण शेवटी कुठेतरी न हलणारी फाइल बसलेली असते. इव्हेंट व्ह्यूअरच्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाची नोंद त्या फाइलचे नाव सांगते. बहुधा ती हायबरनेशनची, पेजफाइल किंवा सिस्टिम रिस्टोअरची असते. ही तिन्ही तात्पुरती बंद करून, रीस्टार्ट करून श्रिंक केले की बहुतेक वेळा भागते. नाही भागले तरच बूट होताना चालणाऱ्या डीफ्रॅगची चाचणी आवृत्ती वापरावी आणि काम झाल्यावर काढून टाकावी.