नेपाळ भ्रमण वर्ष : मोजलेले पाहुणे आणि न मोजलेले

गोरखपूरहून निघालेली यात्रेची बस भारत-नेपाळ सीमेवरच्या सोनौलीला थांबते. ड्रायव्हर कागद घेऊन 'भन्सार'च्या, म्हणजे नेपाळी कस्टमच्या खिडकीशी जातो आणि गाडी जितके दिवस नेपाळात राहणार तितक्या दिवसांचे पैसे भरतो. तोवर बसमधले काका-मावश्या कमानीखालून चालत पलीकडे बेलहियाला पोहोचलेले असतात. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, शिक्का नाही. गाडीची नोंद झाली, माणसांची नाही.

नेपाळ दरवर्षी 'इतके पर्यटक आले' म्हणून जो आकडा जाहीर करतो, त्यात ही मंडळी धरलेली नसतात. त्या आकड्यात भारतीय असतात ते विमानाने उतरणारे, आणि तेवढ्यांवरही भारत बहुतेक वर्षी पहिल्या क्रमांकावर असतो. १९९८, २०११ आणि २०२० अशी तीन 'भ्रमण वर्षं' नेपाळने साजरी केली. तिन्ही वेळा पैज लावली ती या अर्ध्यामुर्ध्या आकड्यावर. पहिल्यांदा पाच लाख, मग दहा लाख, मग वीस लाख. लक्ष्य दरवेळी बरोब्बर दुप्पट. त्यामागे हिशेब किती होता आणि गोल आकड्याचा मोह किती, हे पाहायचं तर थोडं मागे जावं लागतं.

राणा घराण्याच्या राजवटीत, म्हणजे १८४६ ते १९५१ या काळात, नेपाळ बाहेरच्यांना जवळजवळ बंद होता. काठमांडूत ब्रिटिश रेसिडेंट असे, पण त्यालाही खोऱ्याबाहेर मोकळं फिरता येत नसे. या बंद दारातूनही एक मराठी वाट गेली होती. सत्तावनच्या लढ्यानंतर नानासाहेब पेशवे आणि त्यांचा परिवार आश्रयासाठी तराईत उतरला, तो याच राणांच्या राज्यात. पण ते पर्यटन नव्हे.

१९५० च्या जूनमध्ये मॉरिस हर्झोगची फ्रेंच तुकडी अन्नपूर्णा शिखरावर पोहोचली, पुढच्या वर्षी राणाशाही गेली आणि २९ मे १९५३ ला तेनसिंग-हिलरी एव्हरेस्टवर उभे राहिले. नेपाळची एवढी जाहिरात पुढे कुठल्याही सरकारला पैसे मोजून करता आलेली नाही. पण नाव झालं तरी पाहुण्याला उतरवायचं कुठे, हा प्रश्न होताच. तो सोडवला एका रशियन बॅले नर्तकाने. बोरिस लिसानेविच हा ओडेसाचा माणूस. क्रांतीनंतर देश सुटला, कलकत्त्यात त्याने क्लब चालवला आणि राजा त्रिभुवनच्या ओळखीने तो काठमांडूला आला. बहादुर भवन या जुन्या राणा महालात त्याने रॉयल हॉटेल थाटलं. त्याच्या बारचं नाव होतं 'याक अँड येती'. १९५५ मध्ये थॉमस कुक कंपनीची पहिली पर्यटक तुकडी त्याच्याकडे उतरली. असं सांगतात की या पाहुण्यांनी कलाकुसरीच्या वस्तूंवर भराभर डॉलर उधळले, तेव्हा कुठे दरबाराला पटलं की परदेशी माणूस नुसता बघायला येतो आणि त्यासाठी पैसेही देतो. पुढे याच महालात निवडणूक आयोगाचं कार्यालय आलं.

१९५६ मध्ये राजा महेंद्र यांचा राज्याभिषेक झाला. भारताच्या मदतीने बांधलेला त्रिभुवन राजपथ त्याच सुमारास खुला झाला आणि काठमांडू पहिल्यांदा मोटाररस्त्याने मैदानाशी जोडलं गेलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जागतिक बौद्ध परिषद काठमांडूला भरली. नागपूरच्या दीक्षेला जेमतेम महिना उलटलेला असताना डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलले. आज महाराष्ट्रातून लुंबिनीला जाणाऱ्या बौद्ध उपासकांच्या मनात नेपाळचं जे स्थान आहे, ते कुठल्या पर्यटन मोहिमेतून आलेलं नाही.

साठच्या दशकात दोन वेगळ्या वाटा फुटल्या. एक झोछेंची, म्हणजे 'फ्रीक स्ट्रीट'ची. युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत रस्त्याने आलेले हिप्पी इथे विसावत. गांजा-चरसची परवानाधारक दुकानं होती, ती १९७३ मध्ये बंद झाली आणि तो बहर ओसरला. दुसरी वाट टिकली. ब्रिटिश लष्करातून निवृत्त झालेल्या जिमी रॉबर्ट्स यांनी १९६४ मध्ये 'माउंटन ट्रॅव्हल' काढली. शिखर सर न करता नुसतं डोंगरातून चालायचं, तंबू-स्वयंपाक शेर्पांनी सांभाळायचा, आणि त्याचे पैसे घ्यायचे. आज आपण सर्रास 'ट्रेक' म्हणतो त्या धंद्याची घडी तिथे बसली. १९६२ मध्ये नेपाळने मोजलेले पर्यटक होते ६,१७९. नव्वदीच्या उत्तरार्धात तोच आकडा चार लाखांवर गेला होता, आणि तोवर एकही भ्रमण वर्ष झालेलं नव्हतं.

वर्षाला नाव देऊन पर्यटक बोलावायची कल्पना नेपाळची नव्हे. थायलंडने १९८७ हे 'व्हिजिट थायलंड' वर्ष केलं, ते गाजलं आणि आशियात साथ पसरली. मलेशिया, इंडोनेशिया, १९९१ मध्ये आपणही. १९९० नंतर नेपाळात बहुपक्षीय लोकशाही आली, खासगी विमान कंपन्या सुरू झाल्या आणि १९९८ ठरलं. गंमत पाहा, घरात विक्रम संवत चालतो, नवं वर्ष वैशाखात लागतं, पण पाहुण्यांचं वर्ष इंग्रजी. पाहुण्यांच्या कॅलेंडरने पाहुणे बोलवावेत हे ठीक, पण डोंगरातले हंगाम दोन, वसंतातला आणि पावसाळ्यानंतरचा. उरलेले महिने तेच पोस्टर भिंतीवर आणि हॉटेलं रिकामी.

१९९८ मध्ये ४,६३,६८४ पर्यटक आले. पाच लाखांना थोडे कमी, पण तीनही मोहिमांत लक्ष्याच्या सगळ्यात जवळ पोहोचलेलं वर्ष हेच. देशाची प्रसिद्धी सांभाळणारं नेपाळ पर्यटन मंडळ मात्र उभं राहिलं त्या वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. १९९९ मध्ये संख्या आणखी वाढून ४ लाख ९१ हजारांवर गेली. मग २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी ८१४ विमान कंदाहारला पळवून नेण्यात आलं. इंडियन एअरलाइन्सने काही महिने काठमांडूची उड्डाणंच थांबवली आणि मोजले जाणारे भारतीय एकदम घटले. १ जून २००१ ला राजवाड्यात गोळीबार झाला, माओवाद्यांचा लढा वणव्यासारखा पसरला. २००२ मध्ये आकडा पावणेतीन लाखांवर उतरला होता.

२००६ मध्ये माओवाद्यांशी शांतता करार झाला, २००८ मध्ये राजेशाही गेली. हवामानबदलाकडे जगाचं लक्ष वेधायला मंत्रिमंडळाने ४ डिसेंबर २००९ ला एव्हरेस्टच्या पायथ्याजवळ, ५,२४२ मीटरवरच्या कालापत्थरला बैठक घेतली. मंत्र्यांनी ऑक्सिजनचे मुखवटे लावले होते. ते छायाचित्र जगभर गेलं. एवढं झाल्यावर सरकार तरी स्थिर असावं! जानेवारी २०११ मध्ये दुसऱ्या पर्यटन वर्षाचं उद्घाटन झालं तेव्हा पंतप्रधान काळजीवाहू होते. जून २०१० मध्ये त्यांनी राजीनामा दिला होता आणि संसदेत मतदानाच्या सोळा फेऱ्या होऊनही नवा माणूस ठरत नव्हता. सतराव्या फेरीत, फेब्रुवारीत, झलनाथ खनाल निवडून आले. त्या वर्षी दहा लाखांच्या जागी ७ लाख ३६ हजार पर्यटक आले.

आता खरी अडचण. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच. ४ मार्च २०१५ ला टर्किश एअरलाइन्सचं विमान तिच्यावरून घसरून गवतात रुतलं, तर देशाची आंतरराष्ट्रीय वाहतूक काही दिवस बंद पडली. डिसेंबर २०१३ पासून युरोपीय संघाने नेपाळी विमान कंपन्यांना आपल्या आकाशात बंदी घातलेली होती, म्हणजे युरोपातून माणूस आणायचा तर दुसऱ्याच्या विमानाने. त्यात २५ एप्रिल २०१५ चा भूकंप, जवळपास नऊ हजार मृत्यू, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून पाच महिने भारताच्या सीमेवरची नाकेबंदी. गॅस सिलिंडर नाही, पेट्रोल नाही. दक्षिणेचा दरवाजा अडला की काय होतं, ते काठमांडूने चुलीत लाकडं घालून अनुभवलं.

तिसरं भ्रमण वर्ष आधी २०१८ ला ठरलं होतं, भूकंपाची डागडुजी उरकेना म्हणून ते २०२० वर ढकललं. आणि काय व्हावं? २०१८ या साध्यासुध्या, बिननावाच्या वर्षात पर्यटकांनी पहिल्यांदा दहा लाखांचा टप्पा ओलांडला. ११ लाख ७३ हजार. पुढच्या वर्षी जवळपास १२ लाख.

१ जानेवारी २०२० ला दशरथ रंगशाळेत वाजतगाजत वर्ष सुरू झालं. वीस लाख पाहुण्यांसाठी शुभंकर निवडला होता येती, म्हणजे दंतकथेतला हिममानव. आदल्याच वसंतात भारतीय लष्कराने मकालूच्या तळाजवळ येतीचे ठसे दिसल्याचं ट्विट करून सगळ्यांची करमणूक केली होती, त्यामुळे प्राणी चर्चेत होताच. पण चौकाचौकांत बसवलेले रंगीत पुतळे पाहून लोक चिडले. हा येती की सुमो पहिलवान, असं विचारू लागले. बसंतपूरच्या दरबार चौकातल्या येतीला कुणी कुंकू लावून हात जोडले, आणि शेवटी तो तिथून उचलावा लागला. नेपाळात मूर्ती उघड्यावर ठेवली की तिला कुंकू लागणारच, हे मोहिमेच्या समितीला कळायला हवं होतं. मार्चच्या सुरुवातीला कोरोनामुळे मोहीम गुंडाळली, महिनाअखेर देश बंद झाला. त्या वर्षी आले २ लाख ३० हजार.

२०२४ चा आकडा साडेअकरा लाखांच्या आसपास आहे, अजून २०१९ च्या खालीच. त्याच वर्षी २३ ऑगस्टला पोखऱ्याहून काठमांडूकडे जाणारी उत्तर प्रदेशात नोंदलेली एक बस तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि २७ जणांचा जीव गेला, त्यातले बहुतेक जळगाव जिल्ह्यातले भाविक. सडकेने येणारी ही यात्रा किती मोठी आहे, ती कोणत्या रस्त्यांवरून आणि कशा गाड्यांतून फिरते, हे पर्यटनाच्या पोस्टरवर कधी आलं नाही. आकड्यातच नाही, तर धोरणात कुठून येणार?

दरम्यान धावपट्टीचा प्रश्न सोडवायला नेपाळने दोन नवे आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधले. पोखऱ्याचा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि दोनच आठवड्यांत तिथे उतरताना येती एअरलाइन्सचं विमान कोसळून ७२ जण गेले. त्याआधी, मे २०२२ मध्ये, लुंबिनीच्या यात्रेकरूंसाठी भैरहवाचा गौतम बुद्ध विमानतळ उघडला. दोन्हींकडे परदेशी विमानं फारशी फिरकत नाहीत. भैरहवापासून सोनौलीची कमान काही किलोमीटरवर आहे. तिथे भन्सारच्या खिडकीसमोर बसगाड्यांची रांग लागलेली असते.