बारा फॅटची म्हैस

तासगाव तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर आम्ही बनवलेला लिनक्सवर चालणारा छोटा संगणक, म्हणजे आमचा डबा, बसवला होता. काटा आणि फॅट मशीन दोन्ही यूएसबी कन्व्हर्टरने त्याला जोडलेले. एका पहाटे लाइट गेली आणि आली. पुढच्याच पावतीवर छापलं: फॅट 12.4, दूध 6.8 लिटर. म्हातारबुवा पावती हातात धरून म्हणाले, "बारा फॅटची म्हैस हाय व्हय माझी?"

दोन्ही कन्व्हर्टरमध्ये चिप एकच, ओळख क्रमांकही एकच. जो आधी सापडेल त्याला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, शून्य नंबर देतो, दुसऱ्याला एक. त्या दिवशी काट्याच्या आधी फॅट मशीन सापडलं, म्हणून दोघांचे आकडे पावतीवर अदलाबदल झाले. चूक आमचीच, पण तिची मुळं बरीच जुनी आहेत.

लिनक्स ज्या जुन्या युनिक्सच्या धर्तीवर बनलं, त्यात डिव्हाइस, म्हणजे जोडलेलं यंत्र, फाइलसारखं दिसतं आणि त्या फाइलमागे दोन नंबर असतात. मेजर नंबरवरून ड्रायव्हर, म्हणजे यंत्राशी बोलणारा प्रोग्रॅम, कळतो; मायनरवरून त्या ड्रायव्हरचं कितवं यंत्र ते. सातबाऱ्यासारखंच हे: गट नंबर 112 कितीतरी गावांत सापडेल, गाव सांगितलं तरच जमीन कळते. लिनक्सने सुरुवातीला दोन्हींना आठ-आठ बिट दिले, म्हणजे गावं जेमतेम अडीचशे. नंबर वाटायला लॅनाना नावाची नोंदवही होती. 2001 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी नवं वाटप थांबवायला सांगितलं. डिसेंबर 2003 मध्ये 2.6 कर्नल आला, त्यात मेजरला 12 आणि मायनरला 20 बिट मिळाले. कर्नलकडून मोकळा नंबर मागून घ्यायचा आणि नाव यूडेव्ह या वेगळ्या प्रोग्रॅमने द्यायचं, ही पद्धतही त्याच सुमारास रुळली.

खासगी डबे बनवणाऱ्यांसाठी लॅनानाच्या नोंदवहीत 60 ते 63, 120 ते 127 आणि 240 ते 254 हे मेजर स्थानिक वापरासाठी राखून ठेवले होते. पण हे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यासारखं झालं. प्रत्येकाला वाटतं रुमाल आपलाच. दोघांच्या ड्रायव्हरनी 240 धरला आणि दोन्ही एकाच बोर्डावर आले, तर दुसरा लोडच होत नाही. त्यात कर्नल मागणीनुसार जे नंबर देतो, तेही 254 पासून खाली उतरत.

ड्रायव्हर लोड न होणं परवडलं. निदान लगेच कळतं तरी. आयऑक्टल मात्र गुपचूप घात करतं. 1979 च्या युनिक्स सातव्या आवृत्तीत आलेला हा कॉल ड्रायव्हरला आज्ञा पाठवतो, आणि आज्ञा म्हणजे नुसता आकडा. चुकीच्या यंत्राला तोच आकडा ओळखीचा निघाला, तर ते त्याच्या अर्थाने काम करून मोकळं होतं. म्हणून लिनक्सने त्या आकड्याच्या 32 बिटांची वाटणी केली: 2 दिशेला, 14 डेटाच्या आकाराला, 8 ड्रायव्हरच्या अक्षराला, 8 अनुक्रमाला. आज्ञा ओळखीची नसेल तर मिळणाऱ्या एररचं मूळ नाव 'हा टाइपरायटर नाही' असं आहे. संगणकाला टाइपरायटरसारखी टेलिटाइप यंत्रं जोडत त्या काळाची ती खूण.

ड्रायव्हरच्या या अक्षरांची यादी कर्नलच्या दस्तऐवजात आहे, आणि तिच्या कितीतरी ओळींपुढे 'संघर्ष' असा शेरा आहे. 'टी' अक्षर टर्मिनललाही आणि आवाजाच्या टायमरलाही मिळालं. त्यामुळे प्रोग्रॅम कर्नलला काय काय मागतो ते दाखवणाऱ्या एसट्रेसचे जुने आउटपुट एकाच आज्ञेपुढे 'हे किंवा ते' अशी दोन नावं छापायचे. ट्युटोरियलमधलं अक्षर तसंच उचलणारे आमच्यासारखे लोक या यादीकडे फिरकतही नाहीत.

यूएसबीच्या ओळख क्रमांकाचंही तेच. उबुंटू 22.04 या लिनक्समध्ये ब्रेल डिस्प्लेचं सॉफ्टवेअर साध्या यूएसबी कन्व्हर्टरमधल्या सीएच340 चिपचा सीरियल पोर्टच बळकावायचं, कारण एका ब्रेल यंत्राचा आणि त्या साध्या कन्व्हर्टरचा क्रमांक एकच होता.

आमच्या डब्यात आता नाव चिपवरून नाही, सॉकेटच्या जागेवरून ठरतं. मागे काट्याच्या सॉकेटला हिरवा आणि फॅट मशीनच्या सॉकेटला लाल ऑइलपेंट लावलाय. वायरी अदलाबदल करायच्या नाहीत, एवढं केंद्रचालकाला दोनदा सांगून आलो.