आभाळातून तळ्यात नुसतं पाणीच पडतं?

दर जूनला एक फॉरवर्ड फिरतो: ‘पावसाचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. तलाव हिरवा झाला, तर दोष फक्त गटाराचा.’

यातला अर्धा भाग बरोबर आहे. पवईसारख्या शहरी तलावात मोठा वाटा सांडपाण्याचाच असतो. वाफ होताना पाणी शुद्ध होतं, हेही खरं. पण खाली येताना थेंब हवेतली धूळ गोळा करतो, आणि त्या धुळीत फॉस्फरस, लोह असतं. तळं हिरवं करणाऱ्या शेवाळाला हे खतच; नायट्रोजनही. नायट्रोजन वायुरूपातही पावसात विरघळतो. फॉस्फरसला मात्र हवेतून यायला बहुतेक धुळीचंच वाहन लागतं. त्यातला बराचसा न विरघळता तळाशी बसतो. तरी शेवाळाला तो लागतोच किती! चिमूटभर पुरतो.

मग गटार नाही तिथे काय होतं? स्पेनच्या सिएरा नेवाडा डोंगरात सुमारे ३००० मीटरवर तळी आहेत. आसपास वस्ती नाही. तिथल्या शेवाळाला सहाराच्या धुळीतून फॉस्फरस मिळतो.

घरी पाहायचं तर पहिल्या पावसात गच्चीवर, झाडापासून आणि कबुतरांपासून लांब, स्टीलचं पातेलं ठेवा. तळाशी तपकिरी गाळ दिसेल, बोटाला कचकच लागेल. जुलैच्या मध्यावर, चार दिवस झड लागल्यावर तेच पातेलं पुन्हा ठेवा. पाणी बरंच नितळ असेल, कारण हवा धुऊन निघालेली असते. फॉस्फेटसाठी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या फॉस्फरससाठी, मत्स्यालयाच्या दुकानात टेस्ट किट मिळतं. रंग फिका आला, तर नवल नको. मात्रा थोडीच असते.