‘वेअरवुल्फ’मधला वीर

‘वेअरवुल्फ म्हणजे वीर-वृक, म्हणून इंग्रजी ही संस्कृतची लेक’ असा एक संदेश सध्या फिरतो आहे. वेअरवुल्फ म्हणजे कथांमधला लांडगा होणारा माणूस; संस्कृतात ‘वीर’ म्हणजे पुरुष आणि ‘वृक’ म्हणजे लांडगा. संदेशातले पहिले विधान चक्क बरोबर आहे. घोटाळा ‘म्हणून’पासून सुरू होतो.

जुन्या इंग्रजीत ‘वेर’ म्हणजे पुरुष किंवा नवरा. ‘मान’ हा शब्द तेव्हा स्त्री-पुरुष दोघांनाही लागू होता. पुढे त्याने पुरुषाचा अर्थ बळकावला आणि तेराव्या शतकाच्या सुमारास ‘वेर’ मागे पडला. जोडशब्दांत मात्र तो टिकला. ‘वर्ल्ड’ हा मुळात ‘वेओरोल्ड’, म्हणजे माणसाचे वय, माणसाचा काळ. ‘वेरगिल्ड’ म्हणजे खुनाबद्दल मृताच्या नातलगांना द्यायची भरपाई. जुन्या इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याच्या कायद्यात ती साध्या स्वतंत्र माणसासाठी 200 शिलिंग, तर सरदारासाठी 1200 शिलिंग होती.

आता खरी गंमत. आपला ‘वीर’ दीर्घ, लिथुआनियन भाषेतला ‘वीरास’ही दीर्घ, पण लॅटिन ‘विर’ आणि इंग्रजी ‘वेर’ ऱ्हस्व. असे का व्हावे? उत्तर वेदपठणात सापडते. ऋग्वेदात ‘वीर’ शब्दाचा उदात्त स्वर, म्हणजे उच्चारातला आघात, शेवटच्या अक्षरावर आहे. संस्कृत, लॅटिन, इंग्रजी या साऱ्यांची पूर्वज असलेल्या मूळ इंडो-युरोपीय भाषेतही आघात तिथेच होता, आणि पश्चिमेकडच्या इटालिक (लॅटिनची), केल्टिक व जर्मानिक (इंग्रजीची) शाखांत अशा आघातापूर्वीचा दीर्घ स्वर आखूड झाला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. पुढे जर्मानिक शाखेत शेवटच्या ‘अ’च्या ओढीने आधीचा ‘इ’ खाली घसरून ‘ए’ झाला. आघाताच्या अशाच खुणा ‘पितृ’ आणि ‘भ्रातृ’ यांच्या इंग्रजी भावंडांत डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नर यांनी 1870च्या दशकात दाखवून दिल्या. वैदिक ‘भ्रातृ’चा आघात पहिल्या अक्षरावर, ‘पितृ’चा दुसऱ्या; त्यामुळे मूळचा एकच ‘त’ जुन्या इंग्रजीत ‘ब्रोथोर’मध्ये ‘थ’ झाला आणि ‘फॅडर’मध्ये ‘ड’.

तेव्हा ‘वेर’ हा ‘वीर’चा मुलगा नव्हे, भाऊ आहे. ‘वुल्फ’ आणि ‘वृक’ यांचेही नाते तेच.

रात्री लांडगा होणाऱ्या माणसाच्या कथांवर विश्वास ठेवणाऱ्यांनी एवढे पाहावे, की इंग्रजीत ‘वेरेवुल्फ’ हा शब्द प्रथम आढळतो तो अकराव्या शतकातल्या इंग्लंडच्या राजा क्नूटच्या कायद्यात. तिथे धर्मगुरू हे मेंढपाळ आहेत, आणि कळपावर टपलेला हा खादाड प्राणी म्हणजे सैतान.